कोर्तेसच्या समुद्रावरचा हिवाळा

जानेवारी महिन्यात कॅनडातल्या एडमंटन शहरात सकाळी घराबाहेर पडणे म्हणजे काय असते, याची कल्पना आपल्याला येणे कठीण आहे. पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश उतरलेला असतो. मोटार सकाळी सुरू व्हावी म्हणून रात्री तिच्या इंजिनाला विजेची ऊब द्यावी लागते. सूर्य साडेआठाच्या पुढे उगवतो आणि पाच वाजण्याच्या सुमारास मावळूनही जातो. नाकातोंडातून निघालेली वाफ मफलरवर गोठून पांढरी होते. आपल्या पुण्यात पारा दहावर आला की आपण शेकोट्या पेटवतो आणि वर्तमानपत्रे मथळे छापतात. तेव्हा तिथल्या माणसाला हिवाळ्यात कुठेतरी पळून जावेसे वाटले, तर त्याला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला खचितच नाही.

अशी पळून जाणारी माणसे हजारोंनी आहेत. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. आपण हिवाळी पाखरे म्हणू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती दक्षिणेला उतरतात आणि मार्च-एप्रिलात माघारी जातात. कोणी फ्लॉरिडात घर भाड्याने घेतो, कोणी ॲरिझोनात. त्यांच्यातली एक लहानशी जमात मात्र वेगळी. ती मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया नावाच्या द्वीपकल्पावर जाते, समुद्राकाठी तंबू ठोकते आणि कयाक नावाच्या अरुंद होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत दोन-तीन महिने काढते. तिथे ना हॉटेल, ना नळ, ना दिवा.

मी भूगोल शिकवतो. नकाशावरचे हे द्वीपकल्प मी विद्यार्थ्यांना शेकडो वेळा दाखवले असेल. पण तिथे माणसे अशी राहतात हे मला कळले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आल्बर्टा प्रांतात रस्त्यांच्या मोजणीचे काम करतो. जमीन गोठली की काम थांबते. मग तो आणि त्याची बायको (ती मालवणची) व्हॅनच्या टपावर होड्या बांधून निघतात. २०२३ च्या जानेवारीत शिल्लक रजेची मोट बांधून मीही त्यांच्याकडे तीन आठवडे जाऊन राहिलो. त्या राहण्यात जे समजले ते, आणि त्यामागचा थोडा भूगोल-इतिहास, असे मिळून आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेचे कॅलिफोर्निया राज्य जिथे संपते, तिथून खाली एक लांबलचक बोट लोंबते आहे असे दिसेल. तेच हे द्वीपकल्प. लांबी सुमारे १२०० किलोमीटर. त्याच्या पश्चिमेला उघडा पॅसिफिक महासागर, आणि पूर्वेला, द्वीपकल्प व मेक्सिकोची मुख्य भूमी यांच्यामध्ये, एक लांब अरुंद समुद्र. नकाशात त्याला कॅलिफोर्नियाचे आखात म्हणतात, बोलताना मात्र सगळे कोर्तेसचा समुद्र म्हणतात. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनापती एर्नान कोर्तेस १५३५ च्या मे महिन्यात मोत्यांच्या आशेने इथे, आजच्या ला पास शहराच्या उपसागरात, उतरला. मोती होते, पण अन्न नव्हते आणि पाणी नव्हते. दोनएक वर्षांत वसाहत गुंडाळावी लागली. हे पाणी नसणे लक्षात ठेवा, पुढे त्याचेच सगळे पुराण आहे.

गंमत अशी की १५३९ मध्ये फ्रान्सिस्को दे उल्योआ हा दर्यावर्दी या आखाताच्या थेट टोकापर्यंत जाऊन, वाट बंद आहे हे पाहून आला होता. तरीही पुढे सतराव्या शतकात युरोपातले नकाशे बनवणारे कॅलिफोर्निया हे बेट म्हणूनच रंगवत राहिले. १७४७ मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढून सांगावे लागले की कॅलिफोर्निया बेट नव्हे! राजाज्ञेने भूगोल दुरुस्त झाल्याची उदाहरणे फार नसावीत. असो.

आमचा मुक्काम होता तो लोरेतो गावाच्या आसपास. हे गाव साधारण आपल्या जोधपूरच्या अक्षांशावर येते. जोधपूरच्या शेजारी निळा समुद्र आणून ठेवला तर जे दिसेल, तसे इथे दिसते. पाठीशी सिएर्रा दे ला हिगांता, म्हणजे राक्षसिणीचा डोंगर, तांबूस आणि उघडाबोडका. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये वाळवंट, आणि त्यात कार्दोन नावाचे निवडुंग झाडाएवढे वाढलेले, चार-पाच पुरुष उंच, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. पाऊस वर्षाकाठी काही इंच, तोही बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस एखाद्या वादळाबरोबर एकदम. बारमाही नदी शोधावी लागते. उत्तरेकडच्या मुलेहे गावात एक छोटी नदी आहे, तर तिच्या काठी खजुरीची बनेच उभी राहिली आहेत.

उन्हाळ्यात इथे कोणी पाहुणा टिकत नाही. पारा चाळिशीला पोचतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात चक्रीवादळांचे भय असते. आपल्या कोकणात पावसाळ्यात दर्या बंद असतो आणि नारळी पौर्णिमेला उघडतो, तसा इथला दर्या हिवाळ्यात पाहुण्यांना उघडतो म्हणा ना. जानेवारीत दुपारी बावीस-चोवीस अंश, रात्री बारा-तेरा. पाणी अठरा-वीस अंशांचे, म्हणजे एडमंटनच्या माणसाला कोमट आणि मला चांगलेच गार. पश्चिमेच्या पॅसिफिक बाजूला होडीवाले फारसे जात नाहीत. तिकडे महासागराच्या मोठ्या लाटा थेट किनाऱ्यावर फुटतात आणि अरुंद होडी पुळणीला लावणे जिवावर बेतते. आखाताच्या बाजूला एरवी सकाळचे पाणी परातीत ओतल्यासारखे असते.

१९७३ पर्यंत इकडे येणे हेच मोठे साहस होते. त्या वर्षी तिहुआना या सरहद्दीवरच्या शहरापासून दक्षिण टोकापर्यंत सुमारे १७०० किलोमीटरचा डांबरी रस्ता पुरा झाला, आणि उत्तरेची पाखरे चाकांवर बसून येऊ लागली. मुलेहेच्या दक्षिणेला हा रस्ता कोन्सेप्सिओन नावाच्या लांब उपसागराच्या अगदी काठाने जातो. सांतिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन अशा एकामागून एक लहान लहान पुळणी. रेकेसोनला तर ओहोटीच्या वेळी वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि समोरच्या बेटावर पायी जाता येते. या पुळणींवर नोव्हेंबर ते मार्च व्हॅनची रांग लागलेली असते. माडाच्या जातीच्या ताडपत्रांनी शाकारलेल्या चार खांबांच्या झोपड्या असतात, त्यांना पालापा म्हणतात. त्यांच्या सावलीत मंडळी पुस्तक वाचत बसतात. सकाळी गावातला कोणी गाडी घेऊन येतो: पिण्याचे पाणी, भाजी, मक्याच्या पानात उकडलेले तमाले. आपल्या पातोळ्या हळदीच्या पानात, यांचे तमाले मक्याच्या. मालवणच्या सूनबाईंनी पहिल्याच दिवशी मला हा मुद्दा पटवून दिला.

पण पुळणीवर राहणे हा झाला अर्धा भाग. खरी गोष्ट होडीतून निघाल्यावर सुरू होते.

कयाक ही मूळची बर्फाळ मुलखातली होडी. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांनी ती शिकारीसाठी बनवली. तिकडे झाडे नाहीत. तेव्हा समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. वरचा भागही झाकलेला. मधे एकच भोक, त्यात शिकाऱ्याने बसायचे आणि अंगरखा भोकाच्या काठाला आवळून बांधायचा, की थेंबभर पाणी आत येत नाही. होडी उलटली तर वल्ह्याच्या हिसक्याने तो पुन्हा सरळ होत असे. थंडीने मरू नये म्हणून निघालेली ही युक्ती आज थंडीपासून पळणाऱ्यांच्या कामी येते आहे. आता कातड्याच्या जागी प्लॅस्टिक किंवा काचतंतू आले. लांबी पंधरा-सोळा फूट, रुंदी जेमतेम दोन फूट. पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे असतात, त्यांत सगळा संसार भरायचा. कमरेभोवती घागऱ्यासारखा एक पडदा घालून तो भोकाच्या काठावर बसवतात. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दम राखून वल्हवले तर ताशी पाच किलोमीटर, म्हणजे आपल्या चालण्याएवढाच वेग. मला वाटले होते दंड दुखतील. दुखली ती कंबर. कारण जोर खांद्याने लावायचा नसून अंग कमरेतून वळवून लावायचा असतो, हे मला चौथ्या दिवशी कळले.

आमच्याकडे एक दोघांची होडी होती आणि एक एकट्याची. दोघांच्या होडीत पुढे मी, मागे माझा विद्यार्थी. एकट्याच्या होडीत त्याची बायको, आणि काफिल्याची नायकही तीच. लहानपणी आजोबांच्या होडीवर वाढलेली. आम्हा दोघांचे भूगोल आणि मोजणी तिच्यापुढे पुस्तकी.

आता पाण्याचा हिशेब. हा हिशेब चुकला की बाकीचे सगळे चुकते. वाळवंटी किनाऱ्यावर वल्हवणाऱ्या माणसाला पिणे आणि स्वयंपाक धरून रोजचे चार लिटर पाणी लागते. तीन माणसे, सहा दिवस, म्हणजे बहात्तर लिटर. म्हणजेच बहात्तर किलो वजन. ते होडीच्या मधोमध, तळाशी ठेवायचे, नाही तर होडी कलंडते. एकाच मोठ्या डब्यात ठेवायचे नाही. डबा फुटला की संपले. पाणी रात्री बाहेर ठेवायचे नाही, कारण कायोटी नावाचा कोल्हा आणि डोमकावळा या दोघांनाही पिशवी फोडता येते. आंघोळ समुद्रात, भांडी वाळूने घासून समुद्रातच विसळायची. भात शिजवताना चार भांडी गोड्या पाण्यात एक भांडे समुद्राचे घातले की मिठाचाही प्रश्न सुटतो. किनाऱ्यावर विहीर सापडेल, ओढा लागेल, अशा आशेवर कोणी निघू नये. कोर्तेस तसाच निघाला होता.

इतर काळज्या त्या मानाने किरकोळ. उथळ पाण्यात उतरताना पाऊल उचलून टाकायचे नाही, वाळूत फरफटत न्यायचे. तळाशी पाकट निजलेले असते. धक्का लागला तर ते निघून जाते, पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर सोसेल तितक्या कढत पाण्यात पाय धरायचा, वेदना उतरते. सकाळी बूट झटकून घालायचे, विंचू असतात. एवढे केले की झाले.

आणि मग वारा. याच्याविषयी मात्र सावकाश सांगायला हवे.

हिवाळ्यात उत्तरेला, अमेरिकेच्या नेवाडा-यूटा या उंच कोरड्या पठारी प्रदेशावर गार, जड हवा साचते. हवेचा दाब वाढतो. दक्षिणेला आखातावर दाब त्या मानाने कमी. हवा दाट जागेकडून विरळ जागेकडे धावणार, हे तर आपण शाळेत शिकलो. पण इथे तिला धावायला वाट कोणती? पश्चिमेला द्वीपकल्पाचे डोंगर, पूर्वेला मुख्य भूमीचे डोंगर, आणि मधे हजारावर किलोमीटर लांबीचे हे आखात. जणू एक नळीच. त्या नळीतून वारा खाली सुटतो. कोळी त्याला नुसते 'एल नोर्ते' म्हणतात, उत्तरेचा. एकदा लागला की दोन दिवस, तीन दिवस, कधी पाच दिवससुद्धा थांबत नाही. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वारा शेकडो किलोमीटर पाण्यावरून घासत आला की लाटा चढतात. त्याही महासागराच्या लांब पसरट लाटांसारख्या नव्हेत. आखूड, उभ्या, एकीच्या पाठीवर दुसरी. लहान होडी एकीवर चढते न चढते तोच दुसरी अंगावर फुटते.

फसवणूक होते ती आकाशामुळे. वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळे ढग, विजा, पाऊस येतात. एल नोर्ते वाहतो तेव्हा आकाश धुतल्यासारखे निळे असते, ऊन लख्ख असते, पैलतीर हात लावण्याइतका जवळ दिसतो. आपल्या किनाऱ्यावर मतलई वारे आणि खारे वारे दिवसरात्रीच्या पाळीने बदलतात, त्यावर भिस्त ठेवून होड्या सुटतात. त्या अंदाजाने इथे चालले तर घात. म्हणून इथला नियम असा: पहाटे उजाडता निघायचे, अकराच्या आत किनारा गाठायचा, आणि उत्तरेकडे पाण्यावर गडद निळी रेघ दिसली की वाद न घालता वळायचे. पूर्वी आणि अजूनही हौशी रेडिओवाले रोज सकाळी एकमेकांना हवामान सांगतात. आता खिशात मावणाऱ्या यंत्रावर उपग्रहातूनही अंदाज येतो. या पुस्तिकेच्या वाचकांना सांगायला आनंद वाटतो की आमच्या पुळणीवर अधिक भरवसा रेडिओवर होता.

लोरेतोसमोर पाच बेटे आहेत. त्यांतल्या कार्मेन या मोठ्या बेटावर जाऊन दान्सान्ते या छोट्या बेटावरून पुएर्तो एस्कोंदिदोला परतायचे, असा पाच दिवसांचा बेत आम्ही केला. पाणी सहा दिवसांचे घेतले. पहिले तीन दिवस असे गेले की माझ्यासारख्या माणसाने ते वर्णायला बसू नये. पेलिकन पक्षी तंबूसमोर दगड पडल्यासारखे पाण्यात पडत. रात्री पाण्यात हात घातला की बोटांतून काजवे सांडत. तिसऱ्या दिवशी सकाळी दूरवर एक उंच फवारा उडाला, आणि मागून एक करडी-निळी पाठ वर आली, ती संपेचना. निळा देवमासा. जगातला सर्वांत मोठा प्राणी, तोही इथे हिवाळ्याचाच पाहुणा.

त्याच संध्याकाळी वारा लागला. आम्ही बेटाच्या दक्षिण भागात एका आडोशाच्या पुळणीवर होतो. समोर दान्सान्ते, मधे तासा-सव्वातासाचे वल्हवणे. शिल्लक पाणी छत्तीस लिटर, म्हणजे पुरे तीन दिवसांचे. चौथा दिवस बसून काढला. मालकीणबाईंनी रेशनिंग लावले: माणशी अडीच लिटर, त्याहून थेंब अधिक नाही. चहा दिवसाला एक.

आमच्या आडोशाला कोळ्यांच्या दोन होड्याही येऊन थांबल्या होत्या. पांगा म्हणतात त्यांना. लांब, उघड्या, मागे मोटार लावलेली होडी. चार माणसे. त्यांतला म्हातारा, ज्याला सगळे आदराने 'दोन' लावून हाक मारत (आपल्या 'राव'सारखे), तो आमच्याकडे येऊन बसला. मी तुटक्या खुणांनी विचारले, वारा कधी थांबेल? तो म्हणाला, "मान्याना." मान्याना म्हणजे उद्या. पण कोणता उद्या, हे त्या शब्दात नसते.

पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास वारा एकाएकी पडला. पाण्यावरचे पांढरे तुरे नाहीसे झाले. समोर दान्सान्तेचे खडक एकेक मोजावेत असे स्पष्ट. माझ्या मनाने घेतले की हीच वेळ. परतीच्या विमानाची तारीख डोक्यात होती आणि पाण्याचे डबे डोळ्यांपुढे होते. मी बोलून गेलो, "निघू या. दीड तासात पलीकडे." विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले, मग बायकोकडे. गुरुजनांचा शब्द मोडायचा कसा, हा भाव त्याच्या चेहऱ्यावर अजून मला दिसतो. ती मात्र वाळूवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "सर, वारा थांबला नाही. दम घेतोय. त्यांच्याकडे बघा ना, त्यांनी नांगर कुठे उचललाय?"

खरेच, कोळ्यांपैकी एकानेही हालचाल केली नव्हती. त्यांची घरे समोरच्या किनाऱ्यावर होती, मोटारी होत्या, आणि ते पत्ते खेळत बसले होते.

साडेतीनला उत्तरेकडे ती गडद रेघ दिसली. चारला तंबूच्या दोऱ्या पुन्हा ताणल्या गेल्या. निघालो असतो तर नेमके मधल्या पाण्यात सापडलो असतो; अठरा अंशांच्या पाण्यात उलटलेली होडी, आणि वल्ह्याने ती सरळ करण्याची कला येत नसलेला एक प्राध्यापक. वीस वर्षे मी फळ्यावर समभाररेषा काढून हाच दाबाचा धडा शिकवत आलो आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण वाऱ्याचा आवाज हे नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी म्हातारा पुन्हा आला. या वेळी हातात रिकामे पिंप होते. ते त्याच संध्याकाळी घरी परतायचे म्हणून निघालेले, त्यांचे पाणी संपले होते. मागताना तो जरा अवघडला. आमच्याकडे त्या घडीला एकवीस लिटर होते. आमच्या बाईंनी हिशेब केला, नवऱ्याला विचारले नाही, मलाही विचारले नाही, आणि सहा लिटर मोजून दिले. दुपारी त्यांच्याकडून एक मोठा मासा आला, साफ करून, कापून. वाळवंटाच्या किनाऱ्यावर कोणाचे कोण पाहुणे, हे ठरवणे मला त्या दिवशी जमेना.

हा प्रश्न तसा जुनाच आहे. या किनाऱ्यावर मूळचे राहणारे कोचिमी, मोन्की, ग्वायकुरा हे लोक. कुठल्या खडकाच्या खळग्यात किती दिवस पाणी टिकते याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते, आणि त्या बळावर ते हजारो वर्षे टिकले. १६९७ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी लोरेतोला पहिले कायमचे ठाणे घातले. त्यांच्यामागून देवी-गोवरासारखे रोग आले, आणि दीड-दोनशे वर्षांत ते लोक आणि त्यांच्या भाषा नाहीशा झाल्या. मुलेहेच्या पलीकडच्या डोंगरांतल्या गुहांत माणसांची आणि हरणांची प्रचंड चित्रे आहेत. ती काढणाऱ्यांविषयी विचारायला आज कोणी नाही.

आज किनारा कायद्याने सर्वांचा आहे. मेक्सिकोत पुळण कोणाच्या खाजगी मालकीची होऊ शकत नाही. भरतीच्या रेघेपासून आत वीस मीटरचा पट्टा राष्ट्राचा. परदेशी माणसाला समुद्रापासून पन्नास किलोमीटरांच्या आत जमीन थेट आपल्या नावावर घेता येत नाही, असे १९१७ च्या राज्यघटनेतच लिहिले आहे. बँकेच्या विश्वस्तनिधीची पळवाट मात्र ठेवली आहे, आणि तिच्यातून किनाऱ्यावर बंगले उठतात. पुळणीची वाट अडवणाऱ्याला दंड करण्याची तरतूद २०२० मध्ये करावी लागली, यावरून काय चालले असेल ते ओळखा. तंबूवाला त्या मानाने निरुपद्रवी. पण अगदी निरुपद्रवी तोही नव्हे. कोरड्या वाळवंटात काही कुजत नाही. एका माणसाने पुरलेली घाण पुढच्या हिवाळ्यात वाऱ्याने उघडी पडते. म्हणून गर्दीच्या पुळणींवर आता शौचाचा डबासुद्धा बरोबर न्यावा आणि परत आणावा लागतो. हसू नका; आम्ही नेला होता. लोरेतोची पाच बेटे १९९६ पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत, तिथे शुल्क भरून, नेमून दिलेल्या पुळणीवरच उतरता येते. २००५ मध्ये आखातातली बेटे जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि २०१९ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीतही. कारण या आखाताच्या उत्तर टोकाला राहणारा वाकिता नावाचा छोटा जलचर जाळ्यांत सापडून सापडून आता दहाएकच उरला असावा, असे मोजणारे सांगतात.

माझ्या विद्यार्थ्याला मी विचारले, इतका खटाटोप करण्यापेक्षा खोली घेऊन राहिलास तर? तो म्हणाला, "सर, तिकडे आठ महिने मी घड्याळाचं ऐकतो. इथं वाऱ्याचं ऐकतो. दोन्ही चाकरीच, पण ही मला झेपते." यावर मला उत्तर सुचले नाही.

सातव्या दिवशी पहाटे चारला तिने आम्हाला उठवले. वारा नव्हता. या खेपेस कोळ्यांच्या मोटारी आमच्या आधी सुरू झाल्या होत्या. चांदण्यात होड्या पाण्यात ढकलल्या, उजाडेपर्यंत दान्सान्तेच्या आडोशाला पोचलो, आणि नऊच्या आत पुएर्तो एस्कोंदिदोच्या धक्क्याला लागलो. डब्यांच्या तळाशी सहा-सात लिटर पाणी उरले होते. धक्क्यावर नळ होता, वाहता. मी डबे ओतून रिकामे करू लागलो तशी ती धावत आली आणि माझ्या हातातून डबा घेतला. व्हॅनच्या पायरीवर स्टोव्ह मांडून त्याच पाण्याचा तिने चहा केला. आधी एक कप, मग दुसरा, आणि मी मागितल्यावर तिसराही.